श्रेयांकाची कुळकथा

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षणाचा विषय निघाला की बाणभट्टाची ‘कादंबरी’ येते. चांगलं शिक्षण म्हणजे चौसष्ट कलांचं ज्ञान, असं आपल्याकडे पूर्वीच मानलं जात होतं, याचा तो दाखला. सोबतीला तक्षशिला आणि नालंदा असतात. आज जग ज्याला बहुविद्याशाखीय शिक्षण म्हणतं ते आपल्याला नवं नाही, एवढंच धोरणाला त्यातून सांगायचं आहे. स्थळ बघताना घराण्याची थोरवी सांगतात तसा हा प्रकार. खोटं काही नसतं, मधली माणसं मात्र सोयीने गाळलेली असतात.

या गोष्टीत तर मधली माणसंच जास्त मजेची आहेत. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) हे शब्द आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात सापडतात. त्या सगळ्यांची बेरीज ज्यात होते तो श्रेयांक, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेलं ‘क्रेडिट’. त्याचं कूळ कागदोपत्री शोधायला गेलं तर वाट नालंदेला जात नाही. ती बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठातून, न्यूयॉर्कमधल्या निवृत्तिवेतनाच्या एका निधीतून, राहुरीच्या शेतांतून आणि नाशिकच्या टपालातून येते. आणि येऊन थांबते ते घर मात्र १८५७ सालचं आहे. म्हणून आधी घर बघू.

वुडचा खलिता १८५४चा. हिंदुस्थानात विद्यापीठं काढा, पण ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, असं त्यात होतं. लंडन विद्यापीठ तेव्हा शिकवत नसे, परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवायचं काम कॉलेजांचं. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ जन्माला आलं ते याच स्वरूपात. शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा आणि तपासणारा बहुधा तिसराच, ही रचना तेव्हापासूनची. शिक्षकावर फारसा भरवसा ठेवायचा नाही, हे तिच्या पायातच आहे. पुढचं सगळं समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

१८६२मध्ये या विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्यांनी काय अभ्यासलं ते पाहिलं तर आजच्या धोरणकर्त्यांना हेवा वाटावा. इंग्रजी, जोडीला आणखी एक भाषा, इतिहास, गणित, पदार्थविज्ञान, तर्कशास्त्र. पुढे संस्कृतचे महापंडित ठरलेल्या भांडारकरांनाही गणित चुकलं नाही आणि पुढे न्यायमूर्ती झालेल्या रानड्यांनाही. पदवी बहुविद्याशाखीय होतीच, फक्त त्यात निवड कसली ती नव्हती. सगळं सक्तीचं, आणि सगळं एकदम पास व्हायचं.

त्यानंतरच्या शतकभरात या पदवीतून एकेक विषय सुटत गेला. ऐच्छिक विषय आले, विज्ञानाची पदवी वेगळी झाली, कॉमर्स वेगळं झालं, आणि शेवटी मॅट्रिकनंतर मुलाला ‘आर्ट्स साइड की सायन्स साइड’ हा एकच प्रश्न विचारला जाऊ लागला. ज्ञानाचा विस्तार हे त्याचं एक कारण खरं. दुसरं कारण इतकं उदात्त नाही. परीक्षा एकच मोठी असेल आणि ती एकाच वेळी हजारोंची घ्यायची असेल, तर जितके विषय कमी तितकं सगळ्यांना सोपं.

त्या परीक्षेचं ओझं काय होतं, हे रानड्यांनीच पुढे सांगितलं. १८९०च्या दशकात त्यांनी हिंदू पदवीधर इतक्या लहान वयात का मरतात, या प्रश्नाचा आकडेवारीनिशी विचार केला. आपल्याच विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधराने तीस वर्षांनी बसून आपल्या मागून आलेल्यांच्या मृत्यूंची यादी करावी, हे वाचताना आजही अंगावर येतं. टिळकांनी यावर आपल्यापुरता तोडगा आधीच काढला होता. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी तालमीला दिलं, परीक्षेत आपटी खाल्ली आणि शरीर कमावलं. १८७६मध्ये गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले ते झालेच. आजच्या नियमांत या वर्षाला ‘क्रीडा व शारीरिक शिक्षण’ या नावाखाली दोन-चार श्रेयांक तरी मिळाले असते.

लवचीकतेचा पहिला देशी अवतार कुठला, असं कुणी विचारलं तर मी निःसंकोच एटीकेटीचं नाव घेईन. अलाउड टु कीप टर्म्स. एखाद-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बस, टर्म भर, राहिलेलं मागाहून काढ. या सवलतीला कुणी धोरण म्हणालं नाही आणि तिच्यावर परिसंवादही झाले नाहीत. पण महाराष्ट्रात किती पदव्या तिच्या जोरावर पुऱ्या झाल्या याचा हिशेब मांडायचा तर तो कुठल्याही सुधारणेपेक्षा मोठा निघेल.

खरी मागणी मात्र त्याहून जुनी आहे, आणि ती केली ती कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाने. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षणाबद्दल त्यात काय आहे ते सर्वांना माहीत आहे. त्यातला उच्च शिक्षणाचा भाग फारसा कुणी वाचत नाही. मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला खासगी विद्यार्थी बसू दिले याबद्दल फुले समाधान व्यक्त करतात आणि म्हणतात, की हीच मुभा वरच्या परीक्षांनाही द्या. बी.ए., एम.ए.साठी खासगी अभ्यास मान्य केला तर कितीतरी तरुण आपला वेळ त्यात घालतील. कॉलेजच्या चार भिंतींत बसण्याची ऐपत नसलेल्याला पदवीची वाट मोकळी करा, हे १८८२ साली आयोगाच्या दप्तरात लेखी नोंदलेलं आहे. चौसष्ट कलांच्या ऐवजी हा दाखला दिला असता तर धोरणाचं वजन वाढलं असतं, असं माझं मत.

कर्व्यांचा प्रयोगही याच घराण्यातला. जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून त्यांना कल्पना सुचली आणि १९१६मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. मराठी माध्यम, गृहशास्त्र, आरोग्य असे विषय, आणि ‘गृहीतागमा’ या नावाची स्वतःची पदवी. सरकारी मान्यतेला १९५१ उजाडावं लागलं. बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम का, ही टीका तेव्हाही झाली आणि ती चुकीची नव्हती. पण पदवीत काय असावं हे शिकणाऱ्याकडे बघून ठरवता येतं, हे मराठी मुलखात पहिल्यांदा कुणी करून दाखवलं असेल तर ते इथे.

आता समुद्रापलीकडे. १८६९मध्ये चार्ल्स एलियट नावाचा पस्तिशीचा रसायनशास्त्रज्ञ हार्वर्डचा अध्यक्ष झाला आणि चाळीस वर्षं राहिला. तोपर्यंत तिथलीही पदवी रानड्यांच्या बी.ए.सारखीच होती, ग्रीक, लॅटिन आणि गणिताची, सगळ्यांना एकच. एलियटने ती वर्षागणिक मोकळी करत नेली. १८९०च्या दशकाच्या अखेरीस पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज जवळपास काहीच सक्तीचं उरलं नव्हतं. एक मुलगा रसायन आणि जर्मन घेई, दुसरा इतिहास आणि चित्रकला. मग दोघांच्या पदव्या सारख्या कशा म्हणायच्या? सगळ्यांची एकच परीक्षा असते तेव्हा हा प्रश्न उठतच नाही. निवड आली की बेरीज करावी लागते, आणि बेरजेसाठी सामाईक माप लागतं. किती विषय पुरे केले, आठवड्याचे किती तास, असं मोजणं तिथून सुरू झालं.

एलियटनंतर १९०९मध्ये लॉरेन्स लॉवेल आला. मुलं सोपे आणि सकाळी उशिरा सुरू होणारे विषय गोळा करतात, ही त्या मोकळीकीवरची तक्रार होती. (इथे कुठल्याही प्राध्यापक-कक्षात माना डोलतील.) लॉवेलने नियम घातला: काही विषय एकाच क्षेत्रातले सखोल घ्यायचे, उरलेले इतर क्षेत्रांत विखरून. आपल्या आजच्या मेजर आणि ओपन इलेक्टिव्हचा आराखडा हाच. तेव्हा आपण ज्याला नवी मोकळीक म्हणतो आहोत ती मुळात मोकळीक आवरण्यासाठी घातलेली चौकट आहे.

पण तासाला जे वजन आलं ते हार्वर्डमुळे नव्हे, ते पेन्शनीमुळे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी कॉर्नेल विद्यापीठाचा विश्वस्त झाला तेव्हा प्राध्यापकांना पगार किती तुटपुंजा मिळतो हे पाहून चकित झाला. १९०५मध्ये त्याने म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर काढून ठेवले. एमआयटीचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट यांच्या हाती निधीचा कारभार आला आणि पहिली अडचण उभी राहिली. अमेरिकेत तेव्हा कॉलेज या नावाखाली काहीही चाले. कुठे बऱ्यापैकी विद्यापीठ, कुठे नाव बदललेली शाळा. पेन्शन द्यायची ती कुणाला?

मग निधीने स्वतःच व्याख्या केली. कॉलेज म्हणजे जिथे किमान सहा पूर्णवेळ प्राध्यापक आहेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि चार वर्षांचं माध्यमिक शिक्षण झाल्याखेरीज प्रवेश नाही. माध्यमिक शिक्षण झालं हे कशावरून? तर चौदा ‘युनिट’ झाले पाहिजेत, आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले १२० तास. मुलाला काय येतं हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता, वर्गात किती वेळ बसला एवढंच. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी प्रवेशाच्या अटी बदलल्या, कॉलेजं मागतात म्हणून शाळांनी वेळापत्रकं बदलली. चर्चशी बांधलेल्या कॉलेजांना हा निधी बंद होता, तर काहींनी चर्चशी नातंच तोडलं. सरकारचा एकही आदेश नसताना दहा-पंधरा वर्षांत एका देशाची शाळा आणि कॉलेजं एका मापाने मोजली जाऊ लागली.

१९१०मध्ये त्याच संस्थेने मॉरिस कुक या अभियंत्याला कॉलेजं तपासायला पाठवलं. कुक हा फ्रेडरिक टेलरचा शिष्य, कारखान्यात कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा तोच टेलर. कुकने विद्यापीठांचे भौतिकशास्त्राचे विभाग पाहिले आणि शिफारस केली, की उत्पादन मोजायला एकक हवं. एका विद्यार्थ्याचा व्याख्यानातला किंवा प्रयोगशाळेतला एक तास हे ते एकक. पुढे कार्नेगीच्या संस्थेनेच शंभर वर्षांनी मागे वळून पाहिलं. या एककाने शिकणं मोजायचं असं कधीच ठरलं नव्हतं, पण त्याला पर्याय सापडणंही सोपं नाही, असा त्या २०१५च्या अहवालाचा सूर होता.

२०१५ हेच साल आपल्याकडे यूजीसीने निवडीवर आधारित श्रेयांक पद्धत देशभर न्यायला काढली त्याचंही. पण ते पुढचं झालं. हे माप भारतात त्याच्या कितीतरी आधी येऊन पोचलं होतं, तीन वेगवेगळ्या दारांनी.

पहिलं दार आयोगाचं. १९४८मध्ये नेमलेल्या राधाकृष्णन आयोगात आर्थर मॉर्गन नावाचे एक अमेरिकन सदस्य होते. धरणं बांधणारा इंजिनिअर आणि टेनेसी खोरे प्राधिकरणाचा पहिला अध्यक्ष, म्हणून त्यांचं नाव होतं. त्याआधी ओहायोतल्या अँटिओक कॉलेजात त्यांनी काही महिने वर्ग आणि काही महिने नोकरी, असा आळीपाळीचा अभ्यासक्रम सुरू केला होता. आजच्या ओजेटीचा तो पणजोबा. आयोगाने सामान्य शिक्षणावर भर दिला, परीक्षापद्धतीवर टीका केली, तीन वर्षांची पदवी सुचवली. मॉर्गन भारतात येण्याच्या वर्षभर आधी, १९४७मध्ये, भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं होतं. तिथे ‘कमवा आणि शिका’ योजनेतली पोरं दगड फोडून, शेतात राबून बी.ए.चा अभ्यास करत होती. त्या श्रमाची गुणपत्रिकेत नोंद नव्हती, आणि नोंद हवी असं कुणाला वाटलंही नव्हतं. श्रम फीसाठी होते.

दुसरं दार शेतीचं. १८६२मध्ये, म्हणजे आपले चौघे बी.ए. झाले त्याच साली, अमेरिकेच्या काँग्रेसने मॉरिल कायदा केला आणि राज्यांना शेती व यंत्रविद्येची कॉलेजं काढण्यासाठी जमिनी दिल्या. त्या धर्तीवर १९६०मध्ये पंतनगरला भारतातलं पहिलं कृषी विद्यापीठ इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने सुरू झालं. महाराष्ट्राच्या वाट्याला पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आलं आणि १९६८मध्ये राहुरीचं कृषी विद्यापीठ उभं राहिलं. सत्र पद्धत, श्रेयांक, अंतर्गत मूल्यमापन, शिकवेल त्यानेच पेपर काढायचा आणि त्यानेच तपासायचा, हे सगळं राहुरीत आणि नंतर अकोला, परभणी, दापोलीत आलं, तेव्हा पुणे-मुंबईची मुलं एप्रिलच्या उन्हात वर्षाचा सगळा हिशेब तीन तासांच्या पेपरांत चुकता करत होती. कृषी पदवीधराची गुणपत्रिका घेऊन कुणी पारंपरिक विद्यापीठाच्या खिडकीशी गेला, की ग्रेडचे टक्के कसे करायचे यावर फाइल हलायची.

तिसरं दार आयआयटी कानपूरचं. १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकन विद्यापीठांनी मिळून ते घडवलं. पवईची आयआयटी तोवर सोव्हिएत मदतीवर उभी राहत होती, म्हणून ही हवा आधी कानपुरात शिरली. इंजिनिअरिंगच्या मुलाला मानव्यविद्या सक्तीच्या, अक्षरी श्रेणी, सत्रांत तोडलेले अभ्यासक्रम. शेती आणि आयआयटी या दोन्ही ठिकाणी हे जमलं याला कारण होतं. एकच आवार, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे वर्ग, वसतिगृहात राहणारी मुलं आणि पेपर हाती दिला तरी तो फोडणार नाही एवढा शिक्षकावर विश्वास. श्रेयांक पद्धत या विश्वासावर चालते. संलग्न महाविद्यालयांचं आपलं जुनं घर त्याच्या उलट पायावर उभं होतं.

कोठारी आयोगाबद्दल थोडक्यात आटोपतो, कारण त्याचं सर्वांत ठसठशीत फळ म्हणजे दहा-अधिक-दोन-अधिक-तीन, आणि ते सगळ्यांना माहीत आहे. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आजऱ्याजवळच्या खेड्यातले. ‘प्रीडिग्री’ आणि ‘इंटर’ जाऊन अकरावी-बारावी आणि एफवाय, एसवाय, टीवाय आली ती या आकृतिबंधाने. पदवीची वर्षं ठरली, आतला माल बदलला नाही.

तो बदलला टपालाने. १९८५मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) निघालं. त्याच्या पदवीला ९६ श्रेयांक, सगळ्यांना पायाभूत विषय, मग ऐच्छिक, मग थोडे व्यवसायाकडे झुकलेले. तीन वर्षांत करा किंवा सहा वर्षांत. आज नवी म्हणून सांगितली जाणारी पदवी जवळजवळ ही अशी दिसते. १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून बी.ए.ला बसता आलं. एसटीचे वाहक, पोलीस, अंगणवाडी सेविका, लग्नामुळे शिक्षण थांबलेल्या बायका, असे कितीतरी जण पदवीधर झाले. फुल्यांनी मागितलेली मुभा मराठीत प्रत्यक्ष उतरायला एकशेसात वर्षं लागली.

इथे मापातही एक बदल झाला आणि तो महत्त्वाचा आहे. घरी बसून शिकणाऱ्याचे वर्गातले तास मोजणार कसे? म्हणून इग्नूने एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास धरले. वाचणं, स्वाध्याय लिहिणं, कॅसेट ऐकणं, सगळं धरून. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शाळेपासून पीएच.डी.पर्यंत हेच ३० तास आहेत: वर्षाला १२०० तास, ४० श्रेयांक. मुक्त विद्यापीठाच्या पदवीला नोकरीच्या मुलाखतीत नाक मुरडणारे आता तिच्याच मापाने मोजले जात आहेत, याची मला थोडी गंमत वाटते.

नंतरचा प्रवास वेगाचा आहे. मुंबई विद्यापीठाने २०११-१२पासून पदवीला श्रेयांकावर आधारित सत्र पद्धत लावली. अंतर्गत आणि लेखी गुणांचं प्रमाण आधी ४०-६०, मग २५-७५, कारण अंतर्गत गुणांची खिरापत होते अशी ओरड झाली. पायातला तो जुना अविश्वास पुन्हा वर आला. दिल्ली विद्यापीठाने २०१३मध्ये चार वर्षांची पदवी आणली, २०१४च्या जूनमध्ये यूजीसीने ती मागे घ्यायला लावली आणि २०२२मध्ये तीच चार वर्षं राष्ट्रीय धोरण म्हणून परत आली. मधल्या तुकडीने एक वर्ष चार वर्षांची पदवी केली आणि उरलेलं तीन वर्षांच्या पदवीचं.

२९ जुलै २०२०ला धोरण मंजूर झालं, वर्षाने श्रेयांकांची बँक आली आणि डिसेंबर २०२२मध्ये यूजीसीचा पदवी आराखडा. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोनानंतर पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. वर्षाने बाहेर पडायचं तर ४० श्रेयांक, शिवाय सुट्टीत चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सातात पुरं करायचं. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४पासून हे लागू झालं.

शासन निर्णयातला तक्ता सुबक आहे. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी, सीसी. प्रत्येकाची एक उभी पट्टी, प्रत्येक पट्टीला दोन किंवा चार श्रेयांक. आता हा तक्ता तालुक्याच्या महाविद्यालयात, वेळापत्रक समितीच्या टेबलावर ठेवून पाहा. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलं घ्यायचं असतं. म्हणजे आर्ट्स, कॉमर्स, सायन्स तिन्हीकडची मुलं एकाच वेळी मोकळी हवीत, तरच ती एकमेकांच्या वर्गात जातील. म्हणून साऱ्या महाविद्यालयाचा मिळून एकच तास राखून ठेवावा लागतो, समजा अकराचा. त्या तासाला सगळे वर्ग भरलेले, बाकं कमी. विज्ञानाची प्रॅक्टिकलं अकराला तोडता येत नाहीत, तर ती सकाळी साडेसातला ओढायची. साडेसातला पोचायचं तर गावातून पहिली एसटी सहाची. आणि साडेबाराची परतीची गाडी चुकली की पुढची तीनला, त्यामुळे दुपारची पट्टी हजेरीपटापुरती. ज्या महाविद्यालयात एकच शाखा आहे तिथे दुसऱ्या शाखेचं इलेक्टिव्ह भूगोलाच्या सरांनी ‘पर्यावरण’ नावाने शिकवायचं किंवा मुलांना स्वयम् पोर्टलकडे धाडायचं.

प्रवेशाच्या दिवशी निवड होते तीही बघण्यासारखी. मुलाला मायनर काय हवं हा प्रश्न दुसरा येतो. पहिला येतो तो कुणाचा वर्कलोड धोक्यात आहे हा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास भरावे लागतात. तत्त्वज्ञानाच्या किंवा हिंदीच्या मॅडमचे ते भरत नसतील तर पद जातं, आणि गेलेलं पद परत येत नाही. म्हणून विभागाविभागांचे प्राध्यापक टेबल टाकून बसतात, पालकांना चहा पाजतात, आपला विषय किती सोपा आणि गुण देणारा आहे ते सांगतात. यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. नव्या आराखड्याने काही मरू घातलेल्या विभागांना ओपन इलेक्टिव्हच्या रूपाने खरोखर जीवदान दिलं आहे. मोडी लिपीचा किंवा लोककलेचा एखादा दोन श्रेयांकांचा पेपर कॉमर्सच्या साठ मुलांनी घेतलेला मी पाहिला आहे, आणि त्यातल्या चार-पाच पोरांना त्याचं वेडही लागलं होतं. चार-पाच ही संख्या मी लहान मानत नाही.

उरलेले तास शिकवतात ते तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवाले. नेट-सेट झालेले, पुष्कळदा पीएच.डी., आणि दोन-तीन महाविद्यालयांत मोटारसायकलवरून फिरून तास भरणारे. त्यांचा पगार घड्याळी तासावर, सुट्टीचा पैसा नाही, मे-जूनमध्ये नेमणूकच नाही. जे माप म्हाताऱ्या प्राध्यापकांपैकी पेन्शन कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी १९०५च्या निधीने घडवलं, त्याच मापाने इथे रोजंदारी ठरते. पेन्शनीचं म्हणाल तर १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना महाराष्ट्रात जुनी पेन्शन योजना नाही, आणि तासिकेवाल्यांना तर ‘लागलेले’ या शब्दातच धरलेलं नाही.

श्रेयांकांची बँक या सगळ्याच्या वरच्या मजल्यावर आहे. मुलाचा बारा अंकी क्रमांक, डिजिलॉकरमधलं खातं, जमा झालेले श्रेयांक सात वर्षं शाबूत. बापाची बदली झाली म्हणून साताऱ्याची मुलगी तिसऱ्या सत्रानंतर नागपूरला गेली तर तिचे ६६ श्रेयांक तिच्यासोबत जातात. स्क्रीनवर ते दिसतात. मग नागपूरच्या विद्यापीठाची समकक्षता समिती बघते, की तिचं मायनर आपल्याकडे त्या नावाचं आहे का, तिच्या एसईसीचे दोन आपल्या कुठल्या पेपरात बसतात. टीसी, मायग्रेशन आणि इलिजिबिलिटीचा अर्ज खिडकीवर द्यावा लागतो, कारण प्रवेश अजून विद्यापीठातच मिळतो, बँकेत नाही. संलग्नता पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची, असं धोरणात लिहिलं आहे. तोवर रानड्यांच्या वेळच्या त्या घराची खिडकी उघडीच राहणार.

संलग्न महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२७मध्ये तिसरं वर्ष संपवेल आणि चौथ्याचा अर्ज भरायचा की नाही ते ठरवेल. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत आणि मार्गदर्शक हवा. गेली कित्येक वर्षं प्राध्यापक भरतीची वाट बघणाऱ्या विभागांत तो मार्गदर्शक कोण, याचं उत्तर वेळापत्रक समितीला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातच शोधावं लागेल.